कुणी पाय ठेवायचा नाही

त्रिंबक मिस्त्रीला साइटवर सगळेच घाबरायचे. मीसुद्धा. कागदोपत्री मी सुपरवायझर, म्हणजे त्याच्या वरची. पण तो ओरडला की मीच दोन पावलं मागे सरकायची. "ऋतुजा मॅडम" असं तो अगदी आदरानं म्हणायचा आणि पुढचं वाक्य असं टाकायचा की मॅडमपणा तिथल्या तिथे गळून पडावा.

काम होतं अक्कलकोट रोडच्या एका मंगल कार्यालयाच्या पार्किंगचं. मालकांनी आधी हौसेनं डांबर टाकून घेतलं होतं. सोलापूरचा उन्हाळा डांबराचं काय करतो, हे सोलापुरात जन्मलेल्या माणसाला सांगावं लागू नये. पण शहाण्याला शब्दाचा मार, आणि मालक शहाणे नव्हते. पहिल्याच मे महिन्यात वऱ्हाडाच्या बसची चाकं रुतली आणि नवरीच्या मावशीची नवी चप्पल डांबरातच राहिली. तेव्हा कुठे काँक्रीट करायचं ठरलं. तेही पुन्हा मे महिन्यातच, कारण पुढच्या मुहूर्तांच्या तारखा आधीच दिलेल्या होत्या.

लोकांना वाटतं, काँक्रीट उन्हात वाळून पक्कं होतं. उलट आहे. ते ओलं राहून पक्कं होतं. पहिले काही दिवस त्याला बाळंतिणीसारखं जपावं लागतं. ऊन नको, वारं नको. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी जो वारा सुटतो, तो ओल्या काँक्रीटच्या अंगावरचं पाणी बघता बघता पिऊन टाकतो आणि वरती केसासारख्या चिरा पडतात. म्हणून आम्ही उजाडायच्या सुमाराला काम सुरू करायचो आणि ऊन चढायच्या आत संपवायचो. बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन पाडलेले. एक भरायचा, एक सोडायचा. भरलेला चौकोन जरा आवळला, म्हणजे घट्ट झाला, की त्यावर ओली गोणपाटं अंथरायची, त्यावर पांढरा प्लास्टिकचा कागद, आणि कागदाच्या कडा विटा-वाळूनं दाबून टाकायच्या, म्हणजे आतली ओल आत राहते.

आणि कुणी पाय ठेवायचा नाही. हा त्रिंबकचा कायदा. आदल्या आठवड्यात एका गड्याची चप्पल ओल्या चौकोनावर उमटली. त्रिंबकनं तो चौकोन फोडायला लावला आणि त्या गड्याला सगळ्यांसमोर कामावरून घालवलं. गडी हातापाया पडला तरी ऐकलं नाही. मला ते जास्तच वाटलं होतं, पण मी गप्प बसले. काँक्रीटच्या बाबतीत त्रिंबक चुकत नव्हता, ही त्यातली खरी अडचण होती.

गोणपाटं आणि कागद अंथरायचं काम सिद्धम्माकडे होतं. ती मैंदर्गीकडची, घरात कानडी बोलणारी. नवरा बिरप्पा मेंढरं घेऊन सांगोल्याच्या बाजूला गेलेला. पोटाला एकच पोर, मल्लव्वा, चार वर्षांची. सगळे तिला मल्ली म्हणायचे. सिद्धम्मा तिला लिंबाखाली बसवायची आणि रोज दटावायची की त्या ओल्या जमिनीवर गेलीस तर मिस्त्री मारेल, अव्वाला, म्हणजे आईला, हाकलून देईल. पोरगी गुणाची. त्रिंबक जवळून गेला तरी ती आईच्या पदरात तोंड लपवायची. आम्ही हसायचो. त्रिंबकसुद्धा डोळे वटारून तिला आणखी घाबरवायचा, त्यालाही ती गंमतच वाटायची.

त्या दिवशी शेवटचा चौकोन भरून, गुळगुळीत करून, चाकं घसरू नयेत म्हणून त्यावर ब्रशनं रेघा मारून झाला होता. तो आवळेपर्यंत उघडाच ठेवायचा होता. बाकीचे झाकून झाले. सिद्धम्मानं शेवटच्या कडेवर वाळू ओढली, हात झटकले आणि लेकीला भाकरी द्यायला लिंबाखाली गेली.

मल्ली तिथे नव्हती.

सुरुवातीला कुणाला काही वाटलं नाही. पोरगं आहे, असेल वाळूच्या ढिगामागे. सिद्धम्मानं हाक मारली. मग जोरात मारली. तिच्याबरोबर कामाला असलेल्या चांगुणाबाई भाकरीचा घास तसाच ठेवून उठल्या. ढिगामागे नाही. टँकरखाली नाही. सिमेंटच्या पोत्यांमागे नाही. मिक्सरच्या ड्रममध्ये मी स्वतः वाकून पाहिलं, कारण ड्रम सकाळभर फिरत होता. आत ओला चिखल आणि खडी. बाकी काही नाही.

"हौद," चांगुणाबाई हळूच म्हणाल्या.

पाणी मारायला आम्ही जमिनीत हौद खोदला होता. टँकर नुकताच रिकामा झाला होता, म्हणजे हौद काठोकाठ. पाणी गढूळ, तळ दिसत नव्हता. सिद्धम्मा तिथवर आली आणि काठावर मटकन बसली. तिला उठताही येईना आणि पाण्याकडे बघताही येईना. तिनं लुगड्याचा पदर तोंडात धरला होता.

त्रिंबक कपड्यांसकट आत उतरला. पाणी त्याच्या छातीला लागलं. तो पायांनी तळ चाचपत चालला, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, मग परत. मध्येच थांबला. त्याच्या पायाला काहीतरी लागलं होतं. आम्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं खाली बुडी मारली आणि हात वर काढला, तर हातात फुटकी बादली. त्यानं ती लांब भिरकावली. कोपरे न् कोपरे पुन्हा पाहिले.

"हितं न्हाय," तो म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

मग मात्र सगळ्यांनी एकदम आरडाओरडा सुरू केला. दाही दिशांना मल्ली, मल्ली. सगळ्यांत मोठा आवाज त्रिंबकचा. तो ओरडला की लिंबावरचे कावळेसुद्धा उडायचे. कुणी रस्त्याकडे धावलं, कुणी कार्यालयाच्या स्वयंपाकघराकडे. तेवढ्यात त्रिंबकनं शेवटच्या चौकोनाच्या कडेशी येऊन खाली पाहिलं आणि जागच्या जागी थिजला.

ब्रशच्या रेघांवर इवलीशी पावलं उमटली होती. अनवाणी. पाचही बोटं स्पष्ट. लिंबाच्या बाजूनं आत शिरलेली, मध्यापर्यंत सरळ गेलेली. मध्ये ती थांबली होती, कारण तिथे दोन्ही पावलं जवळजवळ होती, मागे वळल्यासारखी. मग तिथून ती पळाली होती. पावलं लांब लांब पडली होती आणि पलीकडे अंथरलेल्या कागदाच्या कडेशी संपली होती.

ती आईकडे निघाली होती. आई पलीकडे कागद अंथरत होती, तिच्याकडे जवळच्या वाटेनं. आणि मध्ये पोचल्यावर तिनं मागे वळून स्वतःची पावलं पाहिली होती. हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं. चार वर्षांच्या पोरीला काय कळलं असेल? हेच की आता मिस्त्री बघणार. मग ती जिथे लपता येईल तिथे शिरली. गोणपाटाखाली, कागदाखाली. ती कड तेव्हा उघडी असणार.

ती कड नंतर सिद्धम्मानं वाळूनं दाबली होती.

सिद्धम्मालाही ते दिसलं. ती स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघत राहिली. हाताला अजून वाळू चिकटलेली होती.

ऊन आता डोक्यावर यायला लागलं होतं. पांढऱ्या कागदाकडे बघवत नव्हतं. कागदाखाली गोणपाटाची ओल, वर ते ऊन, आत कोंडलेली वाफ. मोठं माणूससुद्धा तिथे फार वेळ टिकलं नसतं. झाकलेले चौकोन सहा-सात होते आणि मधले मोकळे चौकोन ओलांडून नेलेले लांबलचक कागद सगळीकडे सलग पसरलेले. पोर आतल्या आत सरपटत कुठवर गेली असेल, कोण सांगणार. आणि वारा सुटला होता. कागद इथे फुगायचा, तिथे फुगायचा. प्रत्येक फुगवटा मला मल्लीएवढाच दिसत होता.

दोन गडी कागदावर धावायला निघाले. त्रिंबकही निघाला.

"थांबा," सिद्धम्मा म्हणाली. "कुणी पळू नगा. ती खाली हाय. तुमच्या पायाखाली यील."

सगळे थांबले. मग त्रिंबकनं पुन्हा हाक मारायला तोंड उघडलं, तेव्हा तिनं चक्क त्याच्या तोंडासमोर हात धरला. त्रिंबक मिस्त्रीच्या तोंडासमोर, सिद्धम्मानं.

"तुमी बोलू नगा, मिस्त्री. तुमचा आवाज ऐकूनच ती गप हाय."

कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं ते तिच्या ध्यानात आलं. आम्ही जितके ओरडत होतो, तितकी ती आत आणखी आकसत होती. आम्ही सगळे मिळून तिला शोधत नव्हतो, दडवत होतो. कार्यालयाच्या आवारात एकदम इतकी शांतता झाली की नुसता कागदाचा फडफडाट ऐकू येत होता.

सिद्धम्मा ओल्या चौकोनाच्या कडेशी आली. आणि तिथे ती अडखळली. तिची लेक पलीकडे गुदमरत होती, आणि तरी तिचा पाय आपोआप थांबला. तिनं नुसतं वर पाहिलं, त्रिंबककडे. मग तिनं पाय टाकला. पावलं दोन बोटं खोल रुतली. ती लेकीच्या पावलांच्या शेजारून चालत गेली आणि कागदाच्या कडेशी खाली बसली.

"मल्ली," ती म्हणाली, अगदी झोपवताना बोलावं तशी. "अंजब्याड. भिऊ नगं. अव्वानं बी पाय ठिवला बघ. अव्वाचा पाय लई मोठा उमटलाय."

काही हललं नाही.

त्रिंबक माझ्या शेजारी उभा होता. त्याच्या कपड्यांतून हौदाचं पाणी टपटपत होतं आणि तो हुडहुडी भरल्यासारखा कापत होता, त्या उन्हात. तो पुढे झाला. त्यानं आपला पाय उचलला आणि स्वतः ब्रश मारलेल्या त्या काँक्रीटवर ठेवला. मग दुसरा. तो कुजबुजल्यासारखा बोलला. असा आवाज त्याच्याकडे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, बहुधा त्यालाही.

"मल्ली, मी बी ठिवला. मिस्त्री. आता मला कोण वरडनार, सांग की."

मग चांगुणाबाईंनी पाय ठेवला. मी ठेवला. बुटाखाली ते थंडगार, मऊ काँक्रीट दबलं आणि मला भलतंच काहीतरी चुकीचं केल्यासारखं वाटलं. सगळे त्या एका चौकोनात उभे राहिलो. वारा पडला. कागद सगळीकडे खाली बसला. फक्त तिसऱ्या चौकोनाच्या कोपऱ्यात एक फुगवटा बसला नाही.

तो फार हळू हलला. एकदाच.

त्रिंबकनं कागद टरकन फाडला, गोणपाट बाजूला केलं. मल्ली कुशीवर पडलेली, गुडघे पोटाशी, दोन्ही हात तोंडावर. अंग भाजल्यासारखं लाल, केस ओलेचिंब, ओठ मात्र कोरडे. डोळे अर्धे उघडे. मला वाटलं, संपलं. सिद्धम्मानं तिला उचललं तर मान मागे पडली. कुणीतरी रडायला लागलं. मी तिच्या नाकाशी हात नेला, श्वास आहे का नाही ते कळेना. पुन्हा धरला. होता. गरम, लहानसा, भराभर.

आम्ही तिला लिंबाखाली नेलं. ओलं गोणपाट अंगावर घातलं, चांगुणाबाईंनी पदरानं वारा घातला, मी बोटानं ओठांवर पाणी सोडलं. गिळेना. पाणी ओघळून गेलं. पुन्हा सोडलं. मग तिचा गळा हलला. मग तिनं स्वतः जीभ बाहेर काढली. दवाखान्यात न्यायला कुणीतरी रिक्षा बोलवायला पळालं. सिद्धम्मा एकसारखी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि कानडीत काहीतरी पुटपुटत होती, मोठ्यानं बोललं तर काही मोडेल अशा बेतानं.

मल्लीनं डोळे उघडले ते आईच्या तोंडाकडे नाही. तिनं खाली पाहिलं. सिद्धम्माचे पाय घोट्यापर्यंत सिमेंटनं माखलेले होते आणि वाळत चालले होते. पोरगी त्या पायांकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा पुन्हा रडवेला झाला.

"अव्वा," ती म्हणाली. आवाज नुसता घरघरत होता. "आता तुला घालवत्यात व्हय?"

लेक जिवंत मांडीवर होती, अंग हळूहळू निवत होतं, रिक्षा फाटकातून आत येत होती. आणि तरी सिद्धम्मानं मान वळवली आणि त्रिंबककडे पाहिलं. तो काय म्हणतो, याची ती वाट बघत होती.