अठरा अंश

वळ गावातल्या आमच्या शेतात २००७ साली गोदाम उभं राहिलं आणि पहिल्याच उन्हाळ्यात मला चोर सापडला. निदान मला तसं वाटलं. मी जात्याच संशयी. नवरा गेल्यावर जमिनीचे व्यवहार एकटीने केले, तेव्हा दलालाच्या हसण्यातही मला काळंबेरं दिसायचं, आणि बहुतेक वेळा ते असायचंही.

गोदामात एका कंपनीचं चॉकलेट ठेवायला गार खोली होती. ती बसवणाऱ्या रामनाथ मिस्त्रीला मी खोदून खोदून विचारलं होतं, की माणूस नसताना खोली अठरा अंशांवर राहते कशी. तो म्हणाला, मावशी, तुम्ही आमटी करता तसंच. हवी ती चव डोक्यात असते, चमच्याने चाखता, कमी वाटलं तर मीठ टाकता, पुन्हा चाखता. इथे खोलीच्या मधोमध लटकणारी तार चाखते, भिंतीवरचा डबा ते अठराशी ताडून बघतो आणि गरम वाटलं की कूलर चालू करतो. मला पटलं.

पण मे महिन्यात कंपनीकडून खोकी परत आली. आतलं चॉकलेट वितळून पुन्हा घट्ट झालेलं. पुन्हा असं झालं तर करार मोडू, असा निरोप. डब्यावर बघावं तर अठरा. माझा मुलगा प्रितेश म्हणाला, मशीन ठीक आहे, लडकू दुपारी दार उघडं टाकून गारव्यात झोपतो. लडकू आमचा वॉचमन, गावातलाच. मला लगेच खरं वाटलं. तो शपथ घेऊन नाही म्हणत होता, पण मला शपथेचाच जास्त संशय येतो. रविवारी त्याला काढायचं ठरलं.

त्याआधी रंगेहाथ पकडावा म्हणून शनिवारी भर दुपारी न सांगता गेले. लडकू बाहेर खुर्चीवर जागा, दार बंद. आत मागच्या कोपऱ्यात गेले तर मला घाम फुटला. डबा मात्र अठराच दाखवत होता. मी मुद्दाम दार सताड उघडून उभी राहिले. कूलर जरा घरघरला आणि गप्प बसला. एवढी गरम हवा आत येतेय आणि याचं पोट इतक्यात भरलं?

मग तारेचा माग काढला. मधला हूक रिकामा होता. तार पार कूलरच्या तोंडाशी नेऊन चिकटपट्टीने बांधली होती. पहिली गार झुळूक तिलाच लागायची, आणि अख्खी खोली गार झाली असं डब्याला वाटायचं.

तिथे शिडीशिवाय हात पोचत नाही, आणि शिडीच्या खोलीची किल्ली एकट्या प्रितेशकडे असते. त्याला बोलावून तार दाखवली. त्याने मान खाली घातली नाही.

"विजेचं बिल अर्ध्यावर आलं तेव्हा तूच शाबासकी दिलीस, आई."

मला त्याचा राग आला आणि माझी मला लाज वाटली. ते बिल मी भावकीत मिरवलं होतं. कमी कसं आलं, हे एकदाही विचारलं नव्हतं. पोटच्या पोराला कोण विचारतं?

तार जागेवर लावून घेतली. कूलर सुरू झाला तो बराच वेळ थांबला नाही. मी प्रितेशकडून शिडीच्या खोलीची किल्ली घेतली आणि बाहेर लडकूपुढे धरली. म्हटलं, तू राहा, यापुढे ही तुझ्याकडे.

त्याने हात पुढे केला नाही.

"माझ्यावर भरवसा बसला म्हनून देता काकी, का पोरावरचा उठला म्हनून?"

प्रितेश मागे दारातच उभा होता. माझ्या उत्तराची वाट तोही बघत होता.