आवाज किती स्वच्छ आहे

सोमवारी मला कामावर परत रुजू व्हायचं होतं, आणि शनिवारी सकाळी आम्ही आईसाठी टीव्ही घ्यायला निघालो. सोमवारपासून आई आमच्याकडे राहून आमच्या दहा महिन्यांच्या छोटीला सांभाळणार होती. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. साहेबांनी रजा दोनदा वाढवून दिली होती, आणि माझ्या जागेवर बसायला दुसरी मुलगी तयारच होती. "सोमवारी आला नाहीत, तर मी काय ते समजेन," असं ते फोनवर म्हणाले होते. काय ते मलाही समजलं होतं.

नवऱ्याने मात्र आदल्या दिवशी खुसपट काढलंच.

"तुझ्या आईला ऐकू कमी येतं. परवा मी तीनदा बेल वाजवली, त्या आत बसूनच होत्या. मोबाइल तर शेजारी वाजून वाजून बंद पडला."

"कामात असेल."

"छोटी रडली तेव्हाही कामात असल्या तर?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. राग तसा माझ्या नाकावर कायमचाच मुक्कामाला असतो, पण हे जरा अतीच झालं. बावीस वर्षं कापड गिरणीत मागासमोर उभं राहून जिनं मला शिकवलं, तिचे कान हा तपासणार!

"भांडू नकोस," तो म्हणाला. "दुकानात दोन साउंड सेट लावून बघू. त्यांनी फरक सांगितला, तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही सांगता आला, तर छोटीला त्यांच्यावर सोडून जायचं नाही."

मी तावातावानं "चालेल" म्हणून मोकळी झाले.

दुकानात मागच्या बाजूला घरातल्यासारखी बैठक मांडली होती. भिंतीवर टीव्ही, समोर लाकडी टीपॉय, मग सोफा. छोटी झोपली होती, म्हणून तिची बाबागाडी सोफ्याच्या मागे लावली. टीव्ही निवडायला आईला पाच मिनिटंही लागली नाहीत.

"हा मोठा घ्या. माणसांचे चेहरे नीट दिसले पाहिजेत."

"काकू, याला साउंड सेट हवाच," सेल्समन म्हणाला. "टीव्ही पातळ झाले, त्यांचे आवाजही पातळ झाले."

"कशाला उगाच खर्च? मला आहे तो आवाज पुरे."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

"ऐकून तर बघा, आई," तो म्हणाला. "मग तुम्हीच सांगा, कोणता बरा."

सेल्समननं दोन्ही सेट टीपॉयवर ठेवून एक मालिका लावली. आधी पहिला सेट, मग दुसरा. आई टीपॉयवर तळहात टेकवून, डोळे मिटून बसली होती. शाळेच्या निकालालाही मी इतकी घाबरले नव्हते.

"पहिला नुसता घुमतो," आईने डोळे उघडून सांगितलं. "हा दुसरा बरा आहे."

"काकू, मानलं तुम्हाला! पहिल्यात बेस जास्तच आहे. पुष्कळांना कळतसुद्धा नाही."

माझा जीव भांड्यात पडला. मी नवऱ्याकडे अशी पाहत राहिले की त्याने हातच जोडले.

"हरलो बाई," तो हसत म्हणाला आणि बिल करायला पुढच्या काउंटरवर गेला. तोही सुटल्यासारखा वाटत होता. सोमवारी कोणते कपडे घालायचे, इथपर्यंत मी पोहोचले होते.

सेल्समन सेट खोक्यात भरायला लागला. टीव्हीवर मालिका चालूच होती. एक बाई कुणाला तरी काही सांगत होती, पडदाभर तिचा चेहरा होता. आई रंगून बघत होती.

"बघ, किल्ली हिनंच लपवलीय म्हणे!" ती माझ्याकडे वळून म्हणाली. "आणि आवाज किती स्वच्छ आहे गं. शेजारी बसून सांगतेय असं वाटतं."

टीपॉयमागून सेल्समन उभा राहिला. सेटची वायर त्याच्या हातात होती. तो आधी वायरीकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागला.

टीव्हीला आवाजच नव्हता. खाली अक्षरंही येत नव्हती.

लहानपणी मी आईचा डबा घेऊन गिरणीत जायची. तिथल्या खडखडाटात स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू यायचं नाही. पण आई आणि तिच्या मैत्रिणी या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते ओठ हलवून गप्पा मारायच्या, हसायच्याही. मला केवढं कौतुक वाटायचं. ती अजून तेच करतेय, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. आणि टीपॉयवरचा तो तळहात! फरक तिला हातानं कळला होता.

मी सेल्समनला मान हलवून 'नको' म्हटलं. नवऱ्याला कळायला नको, एवढंच डोक्यात होतं. आजचा दिवस निभावला की पुढचं पुढे बघू, असा विचार मी केला. लपवत नाही.

तेवढ्यात मागे छोटी जागी झाली.

आधी कुरकुरली, मग तिनं भोकाड पसरलं. मी बाबागाडीजवळ गेले आणि तिथेच थांबले. वाकून उचलायचं, इतकंच करायचं होतं, पण मी आईची पाठ बघत राहिले. वळ, आई. एकदा वळ गं. छोटी लालबुंद झाली. पलीकडच्या रांगेतली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. आई आपली टीव्ही बघत होती, मधूनच हसत होती.

हातात पावती घेऊन नवरा धावत आला आणि आईला पाहून जागीच थांबला. सेल्समनलाच ते सहन झालं नसावं, त्याने टीव्ही बंद केला.

काळ्या पडद्यात आईला मागची आम्ही सगळी दिसलो. ती ताडकन उठली.

"अगं, उचल की तिला! बघत काय उभी राहिलीस?"

मग तिनं माझा चेहरा पाहिला आणि ती हळूहळू खाली बसली.

नवऱ्याने छोटीला उचललं, पावती खिशात टाकली. 'सांगत होतो ना' असं तो म्हणाला असता तर बरं झालं असतं, भांडायला तरी मिळालं असतं. मी आईसमोर टीपॉयवर बसले.

"कधीपासून?"

"डावा गिरणीतच गेला. उजवा गेली दोन वर्षं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू नोकरी सोडली असतीस."

"आई, आपण मशीन घेऊ कानाला," नवरा तिच्यासमोर येऊन म्हणाला. "पण तपासणी होऊन ते मिळेपर्यंत वेळ जाईल. सोमवार तर परवावर आला."

"मी तिच्यावरची नजर काढणार नाही," आई मला म्हणाली. "दिवसभर समोर बसून राहीन. जेवणसुद्धा तिथेच करीन."

"आणि डुलकी लागली तर?" मी विचारलं.

तिनं चष्मा काढला आणि नुसती पुसत बसली. मला तिची दया आली आणि तितकाच रागही आला. माझ्यासाठी तिनं केवढं नाटक रचलं होतं, आणि त्यात माझ्या लेकीला एकटीला सोडलं असतं.

मी उठले, खिडकीशी जाऊन साहेबांना फोन लावला. दोन वाक्यांत सगळं आटोपलं. साहेब "ठीक आहे" म्हणाले.

परत आले तेव्हा आईने चष्मा लावला होता. ती ताठ बसून माझी वाट बघत होती.

"काय सांगितलंस त्यांना?"

मी तिच्यासमोर वाकले. दुकानभर लोक आमच्याकडेच बघत होते, म्हणून आवाज न काढता, सावकाश, नुसते ओठ हलवले.

"सोमवारी मी येत नाही."

तिला कळलं. तिचा चेहराच सांगत होता. पण इतकी वर्षं सगळं ऐकू येतंय असं दाखवणाऱ्या माझ्या आईने मान हलवली.

"मला ऐकू आलं नाही," ती म्हणाली.