जांभईची कात्री

आमचे हे मंत्रीसाहेबांची भाषणं लिहीत. लिहून झालं की आधी मला मोठ्यानं वाचून दाखवत. मला वाचता येत नव्हतं तेव्हा पडलेली सवय. मी अक्षरं शिकल्यावरही मोडली नाही. मी जिथे जांभई देई, तिथल्या वाक्यावर ते काट मारत. "तुझी जांभई म्हणजे माझी कात्री," म्हणत. हे आमच्या दोघांतलंच गुपित, असं मी धरून चालले होते.

विरोधी पुढाऱ्याची भाषणं एक चष्मेवाली बाई लिहायची. कॉलेजात ह्यांच्याबरोबर एकाच वर्गात तत्त्वज्ञान शिकलेली. एकदा साहेब सभेत म्हणाले, "भिंतीवरच्या सावल्यांना खरं मानू नका." लोकांना वाटलं, महागाईबद्दल आहे. आठवड्यानं विरोधी पुढारी टीव्हीवर म्हणाला, "उजेडात गेलेल्यानं गुहेत परत यायचं धाडस करावं." ह्यांनी कप खाली ठेवला आणि गालातल्या गालात हसले.

"कसली हो गुहा?"

"जुन्या तत्त्वज्ञाची गोष्ट आहे अगं, गुहेतल्या भिंतीवरच्या सावल्यांची. सांगेन कधीतरी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन पुढारी एकमेकांची उणीदुणी काढत होते, आणि त्यांच्या तोंडून ही दोघं गप्पा मारत होती. फोन नाही, चिठ्ठी नाही; पकडायचं तरी काय?

पुढच्या भाषणात गुहा पुन्हा आली. मी तोंडावर हातही न ठेवता लांबलचक जांभई दिली.

ह्यांची पेन्सिल थबकली. "इथे?"

"इथेच. साहेब काय गुहेत राहतात?"

त्यांनी मुकाट्यानं काट मारली. मी खुशीत त्यांना दुसरा चहा करून दिला.

दोनचार दिवसांत विरोधी पुढारी टीव्हीवर हसत म्हणाला, "सरकारची भाषणं हल्ली सपक झालीत. घरात कुणीतरी जांभई दिली वाटतं."

हे रिमोट शोधू लागले. रिमोट त्यांच्या हातातच होता.

"जांभईचं तिला सांगितलंत?"

"फार पूर्वी गं. एका लग्नात भेटली, बोलण्याच्या ओघात..."

"तिला ओघात. आणि मला कधीतरी."

पुढचं भाषण मी ताठ बसून ऐकलं. पान उलटताना ते दरवेळी माझ्या तोंडाकडे बघत. मी म्हणे, "छान आहे. वाचा पुढे." आलेली प्रत्येक जांभई गिळून टाकली.

ते भाषण अख्खंच्या अख्खं सभेत गेलं. निम्म्यावर खुद्द साहेबांनी जांभई दिली, टीव्हीवर सगळ्यांनी पाहिली. ह्यांनी मान खाली घातली.

मी उठून चहा टाकला. एकच कप.