एका प्रेशर रेग्युलेटरची कैफियत

मी एक जुना प्रेशर रेग्युलेटर आहे. मित्रांनो, नाव ऐकून दचकू नका. लिंबाएवढी पत्र्याची डबी, तिच्या पोटात एक पातळ पडदा आणि त्यावर रेटून बसलेली स्प्रिंग, एवढाच माझा संसार. मोटारीच्या इंजिनाला जाणाऱ्या पेट्रोलचा दाब राखणे हे माझे काम.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला, तोही खास टर्बो गाडीसाठी. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. हवा वाढली की पेट्रोलही वाढवावे लागते, नाहीतर इंजिन उपाशी राहते आणि आतून करपते. म्हणून माझ्या डोक्यावर एक रबरी नळी असते. हवेचा जोर वाढला की ती मला सांगते आणि मी तत्काळ पेट्रोलचा दाब वाढवतो. साध्या गाडीत माझा भाऊबंद बसतो. तोंडावळा अगदी माझाच, पण डोक्यावर नळी नाही. तो एकच दाब धरून असतो आणि त्याच्या गाडीला तेवढा पुरतो. त्याच्यावर माझा राग नाही.

जहाजावर नोकरी करणाऱ्या महादूने आमची गाडी परदेशातून आणली आणि पुढे बहिणीला, जयवंतीला दिली. जयवंती दांडी या किनाऱ्यावरच्या गावची. तिची स्वतःची होडी होती. मागच्या सीटवर प्लास्टिक अंथरून ती पापलेटाच्या टोपल्या ठेवायची आणि स्वतः गाडी चालवत बोईसरच्या बाजाराला जायची.

"बाय, तुजी गाडी पेट्रोल पिते का म्हावरा खाते?" बाजारातल्या बाया विचारायच्या.

"म्हावरा खाते, म्हनून तर पळते!"

ते माझे सुखाचे दिवस होते.

१९९१ साली गाडी गचके खाऊ लागली. जयवंतीने ती बेटेगावला शांताराम मिस्त्रीकडे नेली. दोष पेट्रोलच्या फिल्टरचा होता, तो गंजाने तुंबला होता. शांतारामने फिल्टर बदलला. तेवढ्यावर थांबला असता तर! पण त्याने मलाही उपटले.

"ह्याचा पन भरवसा नाय. भंगारातल्या गाडीचा एक हाय माज्याकडं. सेम टू सेम."

आणि माझ्या जागी त्याने साध्या गाडीचा भाऊबंद बसवला. माझी नळी लोंबकळत उरली. तिच्या तोंडात त्याने एक स्क्रू पिळला.

"ही नळी कशाची, शांतारामभाऊ?" जयवंतीने विचारले.

"जास्तीची हाय."

जास्तीची! मित्रांनो, मला तोंड असते तर मी सारे गॅरेज डोक्यावर घेतले असते. जयवंतीने मला फेकू दिले नाही, एवढेच. तिने मला डॅशबोर्डच्या खणात टाकले. गाडी उभ्याने छान गुरगुरली. फिल्टरचे श्रेय भाऊबंदाला मिळाले आणि दोष माझ्या माथी बसला. दांडी ते बोईसर रस्ता सपाट, त्यामुळे काही दिवस कोणालाच काही कळले नाही.

मग एका सकाळी होडी ओढताना देवूचा हात दोराच्या रहाटात सापडला. देवू जयवंतीच्या होडीवरचा खलाशी. पालघरच्या डॉक्टरांनी हात बांधला आणि ठाण्याला न्यायला सांगितले. जयवंतीने त्याला गाडीत घातले आणि ठाण्याकडे जाणारा मनोरचा रस्ता धरला.

वाघोबा खिंडीचा चढ लागला. तिने जोर मागितला. टर्बोने हवा कोंबली, पण पेट्रोल वाढवणार कोण? इंजिन खोकले, धक्के दिले आणि बंद पडले. पुन्हा सुरू केले, पुन्हा तेच. मी तिच्यापासून हातभर अंतरावर खणात पडलो होतो! इतकी चीड मला जन्मात आली नव्हती.

"बाय, माजी बोटा रवतील ना गो?" देवू कण्हत विचारत होता.

"रवतील. तू बोलू नको," ती म्हणाली, आणि स्टिअरिंगवर मूठ आपटली.

शेवटी गवताच्या गाठी नेणाऱ्या एका ट्रकवाल्याने दोघांना घेतले. फार वेळ गेला होता. देवूची दोन बोटे गेली. लवकर आणले असते तर वाचली असती का, हे ठाण्याच्या डॉक्टरांनाही सांगता आले नाही.

गाडी ओढून गॅरेजात आणली तेव्हा जयवंती शांतारामला म्हणाली, "उबी असली का चालते, जोर मागितला का मरते. आनि ही नळी जास्तीची कशी? बनवणाऱ्याला येड लागला होता काय?"

तिने खणातून मला काढून त्याच्या हातावर ठेवले. शांतारामने भाऊबंदाला उतरवले आणि पहिल्यांदाच आम्हा दोघांना शेजारी धरले. माझ्या डोक्यावरचे नळीचे तोंड त्याला दिसले. त्याने लोंबकळती नळी त्यावर लावून पाहिली, ती बरोबर बसली.

"चुकलो मी, बाय."

"मला नको सांगू. देवूला सांग."

त्याने मला परत बसवले, नळी जोडली. गाडी खिंड सहज चढली. शांताराम "वा!" म्हणाला, पण ते कौतुक मला गोड लागले नाही.

मित्रांनो, दोन वस्तू सारख्या दिसल्या म्हणून त्यांचे काम सारखे नसते. जुने काढण्याआधी ते नव्याच्या शेजारी ठेवून पाहा. एखादी नळी उरली, तर ती का उरली हे विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. पाहायला फारसा वेळ लागत नाही. देवू आता दांडीच्या बंदरावर जाळी शिवतो, आणि सुई धरायला बोटे कमी पडली की धागा दातात धरतो.