हातोडीच्या रेघा

क्रेनची पिन कशामुळे तुटली हे सांगण्यात कारखान्याच्या धातुपरीक्षकाचा फायदा दुहेरी होता. अहवाल चार दिवसांत दिला, तर निवृत्त होणाऱ्या प्रयोगशाळाप्रमुखांची खुर्ची त्याचीच, असं साहेब बोलून गेले होते. आणि चूक क्रेनचालकाची निघाली, तर सासुरवाडीत थोरल्या जावयाचे गोडवे जरा कमी ऐकावे लागले असते. कारण क्रेनचालक म्हणजे त्याचा साडू, थोरल्या मेहुणीचा नवरा. दोन टनांचा साचा उचलला तरी त्यावर ठेवलेला पाण्याचा पेला हिंदकळू नये, असा हात. सासरे चारचौघांत म्हणत, "थोरल्याच्या हातात जादू आहे. आणि धाकटा... धाकटा शिकलेला आहे."

हा दुसरा फायदा परीक्षक स्वतःशीही कबूल करत नसे.

झालं होतं असं, की क्रेनच्या आकड्याची अंगठ्याएवढी जाड पिन तुटली नि साचा खाली आला. फरशी फुटली, माणसं वाचली. साहेब म्हणाले, "झटका दिला असणार." साडू म्हणाला, "नाही दिला." आता निकाल भिंगानं द्यायचा.

तपासायचा तुकडा कापायची एक रीत असते: संथ करवत, वर पाण्याची धार, दीड तास. त्या दिवशी करवतीवर दुसऱ्याचं काम लागलं होतं. दीड तास कोण थांबतो? परीक्षकानं पिनेचा अर्धा भाग शिकंज्यात आवळला, छिन्नी लावली नि हातोडीच्या चार घावांत टवका पाडला. मग तो घासून आरशासारखा केला, आम्लात बुडवला आणि भिंगाखाली सरकवला.

भिंगाखाली पोलाद म्हणजे एकमेकींना खेटून बसवलेल्या वेड्यावाकड्या फरश्या. त्यांना कण म्हणतात. हळूहळू ताण दिला तर कणातले थर पत्त्यांसारखे एकमेकांवरून सरकतात. फटका अचानक बसला तर सरकायला सवड मिळत नाही. मग कणातली एखादी चिंचोळी पट्टीच अंग मुरडते आणि तिथे फूटपट्टीनं आखल्यासारखी रेघ उमटते. इथे तर कणाकणात रेघा. परीक्षकाला आनंद झाला. तो कसला, हे काही त्यानं तपासलं नाही. 'अचानक बसलेला जोरदार झटका,' असं लिहून त्यानं सही ठोकली.

साडूला क्रेनवरून उतरवून गोदामात खोकी मोजायला बसवलं.

दोन महिन्यांनी साहेबांना प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावायला त्या रेघांचा मोठा फोटो हवा झाला. परीक्षकानं पिनेचा उरलेला अर्धा भाग काढला, आणि आता घाई नव्हती म्हणून करवतीवर कापला.

रेघ एकही नाही.

त्यानं तुकडा पुन्हा घासला, पुन्हा आम्लात घातला. कण स्वच्छ. फक्त तुटल्या जागी मळीचा एक काळा धागा होता, पोलाद ओततानाच आत अडकलेला. तडा तिथून निघून रोजच्या ओझ्याखाली केसाकेसानं वाढला होता. मग त्या रेघा आल्या कुठून? उत्तर शिकंज्याशेजारी खुंटीला टांगलेलं होतं. परीक्षकाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आपल्या हातचे घाव त्यानं साडूच्या नावावर चढवले होते.

संध्याकाळी तो साडूच्या घरी गेला.

"या साडूबुवा! वाट चुकलात वाटतं?" साडू म्हणाला. मेहुणीनं पाण्याचा पेला पुढ्यात ठेवला, जरा आदळूनच.

"झटका तुम्ही दिलाच नव्हता," परीक्षक पेल्याकडे बघत म्हणाला. "त्या रेघा माझ्या हातोडीच्या. मी घाई केली."

"म्हणजे घाव तुझे नि नाव यांचं?" मेहुणी म्हणाली.

"हो, ताई."

"आणि दोन महिने जेवण गेलं रे तुला?"

साडूनं तिला हातानंच थांबवलं. "पण मला तर आठवतोय तो झटका."

"काय?"

"आधी नव्हता आठवत. तुझा कागद आला तेव्हा म्हटलं, भिंग कशाला खोटं बोलेल? त्यात लिहिणारा घरचा माणूस. मग रोज आठवून बघायला लागलो. आता तर हाताला कळतो तो, अगदी इथे." त्यानं मनगट दाबून दाखवलं.

"अहो, तसं झालंच नव्हतं!"

"हेही तूच सांगतोयस."

पाणी न पिताच परीक्षक उठला.

दुसऱ्या दिवशी त्यानं सुधारलेला अहवाल साहेबांपुढे ठेवला, खुर्चीवर पाणी सोडूनच. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि त्यांचा चेहरा खुलला. दोष पोलादाचा, म्हणजे नुकसान पिना पुरवणाऱ्याच्या माथी. "स्वतःची चूक सांगायला छाती लागते," ते म्हणाले. "प्रमुख असाच हवा." परीक्षकानं मान खाली घातली, साहेबांना तो विनय वाटला.

साडूला मानानं परत बोलावलं. तो शिडी चढून क्रेनवर बसला. आकडा रिकामाच होता. त्यानं दांड्यावर हात ठेवला, आकडा वीतभर उचलला. आकडा झुलायला लागला. पुन्हा उचलला, पुन्हा झुलला. खाली सगळे वर बघत उभे होते. तो उतरला आणि परीक्षकाच्या शेजारून जाताना हळूच म्हणाला, "खोकी बरी. ती हलत नाहीत."

पिनवाल्यानं चाळीस नव्या पिना दिल्या, फुटलेली फरशी बसवून दिली आणि तो सुटला. साहेबांचं काही गेलं नाही. परीक्षकाला खुर्ची मिळाली, वर प्रामाणिक म्हणून नाव झालं. त्याच्या घाईची किंमत साडूच्या हातानं भरली, सगळीच्या सगळी. आणि त्यातला थोडासा तरी वाटा आपल्याकडून घेणारा कुणी भेटेना, हे त्याला कुठं बोलूनही दाखवता येत नव्हतं.