पांडुरंग ड्रायव्हर आणि तिसरा गिअर

“काका, तिसरा डालो ना! हात जोडतो तुमच्यापुढे,” नीलेश म्हणाला आणि त्याने खरोखरच हात जोडले.

पांडुरंग तायडेने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जसोंडीच्या मोकळ्या रस्त्यावर मोटार शाळेचा रिकामा ट्रक दुसऱ्या गिअरमध्ये कोकलत चालला होता. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, समोर चिटपाखरू नाही. एवढ्यात मागून सायकलवरचा दूधवाला आला, त्याने घंटी वाजवली, ट्रकला मागे टाकलं आणि पुढे गेल्यावर मान वळवून आत कोण बसलंय ते पाहून घेतलं.

“पाहिलं? आता बैलगाडी तेवढी बाकी राहिली.”

“दहाच्या वर नाही जात मी,” पांडुरंग शांतपणे म्हणाला. “कोनाला लागलं तर?”

“अठ्ठावीस साल ट्रक चालवला म्हणता. मग ऐसं कैसं?”

नुसतं म्हणत नव्हता, चालवलाच होता. फक्त कुठे चालवला, ते शिकवणाऱ्या या पोराने कधी विचारलं नव्हतं. चोविसाव्या वर्षी पांडुरंग पेपर मिलच्या ट्रकवर चढला. मशीनघरातून कागदाची रिळं उचलायची, गोदामात उतरवायची, परत मशीनघर. अंतर नऊशे मीटर. वाटेत जागोजागी पाट्या: वेग ताशी दहा किलोमीटर. मेन गेट आलं की ट्रक वळवायचा, कारण बाहेरचं काम बाहेरच्या गाड्या करायच्या. पृथ्वीला दोन-तीन प्रदक्षिणा होतील इतकं अंतर त्याने कापलं, पण गेटाच्या आतच. आवारात कोणी लायसन्स मागितलं नाही आणि त्यानेही काढलं नाही.

दोन वर्षांपूर्वी ते काम ठेकेदाराकडे गेलं. पांडुरंग क्वार्टर सोडून बुऱ्हानपुरात, लोधीपुऱ्यातल्या भाड्याच्या खोलीत आला आणि एका कापड दुकानाबाहेर स्टुलावर बसू लागला. मधल्या काळात मोटार शाळेच्या मैदानात गोल गोल फिरून छोट्या गाडीचं लायसन्स मिळवलं. पण लोक त्याला ‘ए चौकीदार’ म्हणायचे आणि ते त्याला घासात खडा लागावा तसं लागायचं. मिलमध्ये साहेबसुद्धा ‘पांडुरंग ड्रायव्हर’ म्हणायचे. इच्छापूरचे केळीचे व्यापारी कडू शेठ म्हणाले होते, “पंधरा तारखेपर्यंत मोठं लायसन्स दाखवा, दिल्लीचा ट्रक तुमचा. नाही तर मी दुसरा मानूस पाहतो.” परीक्षा बाराला होती.

घरी यमुनाबाईंनी तयारीचा ताबा घेतला. स्टुलाला लाटणं बांधून त्याचा गिअर केला आणि पोळ्या वाटीने लाटायला घेतल्या.

“अहो, घाट आहे. एक ट्रक चढतोय, एक उतरतोय. पहिली वाट कोनाले?”

“घाटात जायचंच कशाला?”

“मंग दिल्ली काय आपल्या मिलमध्ये आहे?”

“चढणाऱ्याले,” पांडुरंग पडेल आवाजात म्हणाला.

“तिसरा टाका. चौथा. टॉप. आता भाजीत मीठ पाहा.”

घरात तो टॉपपर्यंत बेधडक जायचा. रस्त्यावर आला की हात दुसऱ्यावरच थिजायचा.

बारा तारखेला तपासणीसाने, म्हणजे यादवसाहेबांनी, मैदानात खांब रोवून ठेवले होते. “पीछे लो,” ते मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले. पांडुरंगने ट्रक एका दमात मागे नेला. खांब आणि ट्रक यांच्यात जेमतेम चार बोटं अंतर राहिलं, दोन्हीकडे सारखं. साहेबांनी मोबाइल खिशात टाकला. नीलेशला तर आपणच शिकवलं असं वाटायला लागलं.

“अब रोड पे चलो.” साहेब शेजारी येऊन बसले.

मैदानाच्या गेटाशी पांडुरंगने ट्रक थांबवला, इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि उभा राहिला.

“क्या हुआ?”

“साहेब, गेटपास?”

“किसका गेटपास? यहाँ कोई नहीं पूछेगा, चाचा. निकलो.”

कोणी विचारणार नाही म्हटल्यावर पांडुरंगने गेटाकडे पुन्हा एकदा पाहून घेतलं. तरी तो चढला. गेट मागे पडलं. रस्ता सरळ पसरला होता आणि कुठेही पाटी नव्हती.

“तीसरा,” साहेब म्हणाले.

हुकलो तर उद्यापासून पुन्हा स्टूल, हे पांडुरंगला स्पष्ट दिसलं. त्याने दात आवळून तिसरा टाकला. मग चौथा. मग टॉप. आणि एकाएकी इंजिनाचं कोकलणं थांबलं.

त्याने आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला, ट्रक डाव्या कडेला घेतला, हँडब्रेक ओढला.

“गाडी बंद पडली, साहेब.”

“बंद कहाँ? चालू है. टॉप में इतना ही बोलती है.”

पांडुरंगने पुढच्या पत्र्यावर हात ठेवला. पत्रा थरथरत होता. ट्रक म्हणजे ओरडणारच, असं तो अठ्ठावीस वर्षं धरून चालला होता. मिलच्या त्या ट्रकला आपण उगाच इतकी वर्षं ओरडायला लावलं, याचं त्याला फार वाईट वाटलं.

यादवसाहेब कागदावर काहीतरी लिहीत होते. “बंद समझके भी इंडिकेटर देके किनारे लगाई,” ते हसू दाबत म्हणाले. “यहाँ लोग चालू गाड़ी बीच में छोड़के चाय पीने जाते हैं. पास.”

नीलेशने मैदानात पेढे वाटले. यमुनाबाईंनी सबंध लोधीपुऱ्याला सांगून टाकलं की आमचे हे आता दिल्लीला जातात.

सतरा तारखेला इच्छापुरात कडू शेठच्या बागेशी ट्रक भरून उभा होता. यमुनाबाई डबा घेऊन आल्या होत्या. दोन दिवसांच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं. डबा आत ठेवून झाला, पांडुरंगने इंजिन सुरू केलं, तरी त्या खिडकीशी उभ्याच.

“जायले किती दिवस लागतात हो?”

“जायले दोन, यायले दोन. माल उतरेपर्यंत एक धर.”

यमुनाबाईंनी बोटांवर मोजलं. मिलचा भोंगा पाचला व्हायचा आणि सव्वापाचला नवरा दारात असायचा. कधी येणार, हे त्यांना आजवर विचारावंच लागलं नव्हतं.

“मंग पोचल्यावर फोन करा,” त्या म्हणाल्या.

अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हरची बायको असून हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं होतं. बोलून त्या लाजल्यासारख्या झाल्या. पांडुरंगने मान हलवली.

ट्रक वळणाआड गेला. त्याचा आवाज ऐकू येईनासा झाल्यावर यमुनाबाईंनी पिशवीतून फोन काढला, घंटीचा आवाज पूर्ण मोठा केला आणि तो हातात धरूनच बस स्टँडकडे चालू लागल्या.