घाईचा हात आणि आळशी थाळी

अशी कल्पना करा पाहू, बाळांनो. तुम्ही पंगतीला बसला आहात. भात झाला, आमटी झाली. वाढपी खिरीचं पातेलं घेऊन शेजारच्याच्या ताटापर्यंत आलाय, आणि तेवढ्यात कुणीतरी तुमचं ताटच उचललं! वर म्हणालं, "झालं ना जेवण? हात धुवा." आला ना राग? तो तसाच धरून ठेवा, सांडू नका. म्हणजे तुळसाआजीचं दुःख तुम्हांला बरोबर कळेल.

तुळसाआजी काशीदजवळच्या एका वाडीत राहते. तिची नात प्रांजली चौथीत आहे. आजी तरुणपणी वाडीच्या गायनपार्टीत गायची. एकदा ती पार्टी मुंबईला गेली आणि चक्क एक रेकॉर्ड काढून आली. गाणं सगळ्यांनी मिळून म्हटलं, पण शेवटची ओळ पार्टीने एकट्या तुळसाला दिली. ही गोष्ट आजीने वाडीला इतक्यांदा सांगितली होती की कोंबड्यांनासुद्धा पाठ झाली असावी.

पण ती रेकॉर्ड पार्टीचे म्होरके बाबाजी यांच्या ट्रंकेत कुलूपबंद राहिली. बाबाजी कुणाला हात लावू देत नसत. त्यामुळे आजीची नणंद गोदू दर भेटीत चिडवायची, "वयनी, तुझी ओळ म्हंजे समिंदरातला देवमासा. सांगनारे लय, बघनारा कोन न्हाय!"

या मे महिन्यात बाबाजींच्या मुलाने ट्रंक उघडली आणि रेकॉर्ड आजीच्या हातात आणून दिली. गोदूआत्याही नेमकी माहेरी आलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तळा गावी, आपल्या लेकाकडे परत जाणार होती.

"आजच वाजवायची," आजी म्हणाली. "हिच्या कानासमोर!"

आता प्रश्न आला, वाजवायची कशावर? प्रांजलीचा काका अजित नवी मुंबईहून नवाकोरा ऑटोमॅटिक रेकॉर्ड प्लेअर घेऊन आला होता. स्वस्तातला, पण दिसायला चकचकीत. आणि शेजारच्या सदूकाकांकडे होतं त्यांच्या लाऊडस्पीकरच्या धंद्यातलं जुनं यंत्र. त्याने अर्ध्या तालुक्याची लग्नं वाजवली होती.

"एक बटन दाबायचं, बस," अजित म्हणाला. "हात आपोआप उठतो, पिन आपोआप टेकते, गाणं संपलं की आपोआप परत घरी. टेन्शनच नाही. तुमच्या त्या डब्यात सगळं हाताने. हात थरथरला की रेकॉर्डवर ओरखडा!"

"डबा कोनाला म्हनतोस रे?" सदूकाका उखडले. "माजं धूड लोखंडाचं हाय. तुजं ते प्लास्टिकचं खेळनं, पंखा लावला तर उडून शेजारच्या वाडीत पडंल."

आजीने नव्याला कौल दिला. ओरखड्याची भीती वाटली तिला.

पडवीत सगळे जमले. अजितने बटण दाबलं. यंत्राचा हात डौलाने उठला, रेकॉर्डच्या कडेवर हलकेच टेकला आणि ढोलकी सुरू झाली. काय स्वच्छ आवाज! आजीने पदर सावरला, मान ताठ केली, जणू आत्ता तिलाच गायचंय. एक कडवं, दुसरं कडवं, शेवटचा कोरस आणि... टक्!

हात उठला. मागे गेला. आपल्या जागी जाऊन निवांत पडला.

आता वाडीतल्या धर्माजीआजोबांची एक सवय तुम्हांला सांगायला हवी. बुद्धविहारातले सगळे कार्यक्रम तेच चालवतात. गाणं थांबलं की त्यांचे पाय आपोआप उभे राहतात. तसे ते राहिले. "कार्यक्रम संपला. जय भीम!"

"जय भीम!" सगळे म्हणाले आणि चपला शोधू लागले.

"अगो, पन तुजी ओळ कुठं?" गोदूआत्याने विचारलं. "का ती मुंबईलाच ऱ्हायली, भाड्याच्या खोलीत?"

"बसा समदे खाली! परत लाव रे अजित्या!"

परत लावली. परत टक्. परत आजोबा उठले. तिसऱ्या वेळी अजितने तो हात धरूनच ठेवला, तर खालची फिरती थाळीच थांबली आणि सगळा कोरस बकरीसारखा 'मेंऽऽ' करत बुडाला.

"सिस्टिमच तशी आहे, आई. गाणं संपलं असं त्याला वाटतं."

"वाटतं? मला इचारायचं तरी!"

प्रांजली मात्र रेकॉर्डवर नाक टेकवून बसली होती. बाळांनो, रेकॉर्डवरची रेघ गोगलगाईच्या शंखासारखी असते. एकच रेघ, कडेपासून मध्यापर्यंत गोल गोल जाते. पिन तिच्यावरून चालते, म्हणून गाणं ऐकू येतं. ते नवं यंत्र गाणं ऐकत नव्हतं. हात किती आत आला, एवढंच बघत होतं. आणि या रेकॉर्डवरचं गाणं लांबल्यामुळे रेघेचं टोक पार मधल्या कागदाला खेटलं होतं.

"आजी, गाणं उरलंय!" प्रांजली ओरडली. "हे बघ, पिन उठते त्याच्या आतपण रेघ आहे."

"आना माजं धूड," सदूकाका मिशीत हसले.

धूड आलं. दोघांनी उचलून आणावं लागलं. सदूकाकांनी फुंकर मारली आणि श्वास रोखून पिन टेकवली. ढोलकी वाजली, पण कशी? भरपेट जेवून डुलक्या घेत वाजवावी तशी. कोरसातल्या पोरी म्हशींसारख्या हंबरत होत्या. हात मात्र उठला नाही. आत, अजून आत गेला आणि शेवटची ओळ आली:

"अक्षर तुझ्या हाती पोरी, उजेड घरादारी..."

आली, पण घोगऱ्या, जाड, मिशीवाल्या आवाजात!

"अगो बाय बाय बाय!" गोदूआत्या पोट धरून हसू लागली. "ही तर बाबाजीची ओळ! उद्या तळ्यात समद्यांना सांगते!"

"आतला पट्टा सैल पडलाय," सदूकाका ओशाळले. "थाळी हळू फिरते, म्हनून आवाज जाड येतो. नवा पट्टा मागवतो, येईल पंधरवड्यात."

पण गोदूआत्या तर सकाळीच निघणार! आजी उठून आत गेली आणि निवडलेलेच तांदूळ परत निवडू लागली. प्रांजलीला ते बघवेना.

ती दोन्ही यंत्रांसमोर उकिडवी बसली. नवं बरोबर फिरतं, पण लवकर उठतं. जुनं उठत नाही, पण रेंगाळतं. शाळेत कवायतीला कुणाचा पाय चुकला तर बाई काय सांगतात? शेजारच्याच्या पायाकडे बघ!

तिने दप्तरातून खडू काढला. दोन्ही थाळ्यांच्या कडेवर एकेक ठिपका दिला. यंत्रं शेजारी शेजारी लावली.

"काका, नव्यावर सदूकाकांची लग्नाची रेकॉर्ड लावा. आवाज बंद ठेवा."

"आवाज बंद? मग ऐकणार काय?"

"ऐकायचं नाही, बघायचं!"

नव्याचा ठिपका गोल गोल धावू लागला. जुन्यावर आजीची रेकॉर्ड लागली. प्रांजलीने थाळीच्या कडेला बोट लावलं आणि ढकललं. जास्तच ढकललं. कोरस उंदरांसारखा चिवचिवला. "आता उंदीरबी गायले!" गोदूआत्या म्हणाली. प्रांजलीने बोट सैल केलं, तर म्हशी परत आल्या. मग तिने जीभ बाहेर काढून, नव्याच्या ठिपक्यावरची नजर न हलवता, आपला ठिपका त्याच्या जोडीने चालवला.

आणि पडवीत माणसं गाऊ लागली. चांगली, तरणीताठी माणसं. आजी हातात सूप घेऊन दारात आली. कोरस थांबला.

"अक्षर तुझ्या हाती पोरी, उजेड घरादारी..."

कोवळा, बारीक आवाज होता. पण त्यातल्या 'पोरी'ला अगदी तोच हेल होता, जो आजी प्रांजलीला जेवायला हाक मारताना लावते.

आजोबांचे पाय उभे राहिले. "कार्यक्रम सं..."

"बसा खाली!" सगळे एकदम ओरडले.

गोदूआत्याने डोळे पुसले. हसून पुसले की कसे, ते तिचं तिला ठाऊक. "वयनी," ती म्हणाली, "जराशी बेसूर हायेस. पन हायेस तूच!"

"बेसूर? तुजे कान बेसूर!" आजी सूप टाकून तिच्या शेजारी येऊन बसली. "परत लाव गो पोरी. हिला नीट आयकू दे."

प्रांजलीचं बोट लालबुंद झालं होतं. तिने ते तोंडात घालून गार केलं, पिन अलगद उचलून जराशी मागे ठेवली आणि दुसऱ्या हाताचं बोट थाळीला लावलं.